जड धातूंचे प्रदूषण आणि नदीतळाचे लहान जीव

नदीच्या उथळ प्रवाहातील एखादा दगड उलटा करून पाहिला, तर त्याच्या खालच्या बाजूस एक लहानसे जग नांदत असल्याचे दिसून येते. दगडाला घट्ट चिकटलेल्या चपट्या अळ्या, वाळूच्या कणांचे वेष्टन स्वतःभोवती तयार करणारे किडे, चतुराच्या अळ्या, गोगलगायी, झिंगे आणि कडेच्या चिखलात वळवळणारे लालसर कृमी असे कितीतरी जीव तेथे असतात. तळ्यातील पाणी काचेच्या पेल्यात भरून उजेडाकडे धरले, तर टाचणीच्या डोक्याएवढे पाणपिसूही त्यात उड्या मारीत असलेले आढळतात. या जीवांना बाजारात किंमत नाही आणि सरकारी दप्तरात त्यांची फारशी नोंदही नसते. तथापि पाण्यात पडलेला पालापाचोळा कुरतडून त्याचा निकाल लावणे, शेवाळ आटोक्यात ठेवणे, पाणी गाळून घेणे, डासांच्या अळ्या फस्त करणे आणि माशांचे अन्न होणे, ही सर्व कामे हेच जीव करीत असतात. नदीला आपले पाणी आपणच शुद्ध करण्याची जी शक्ती असते, ती बऱ्याच अंशी त्यांच्यामुळेच असते.

या जीवांवर जड धातूंच्या प्रदूषणाचा काय परिणाम होतो, हा प्रश्न केवळ प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांचा नाही. विषारी पाण्याने मासे मरून पडले की गावात लगेच हाकाटी होते. पण धातूंचा बहुतेक परिणाम अशा रीतीने दिसत नाही. तो हळूहळू, पिढ्यान्‌पिढ्या होत राहतो आणि लक्षात येईपर्यंत नदीचा तळ ओसाड झालेला असतो. म्हणून हा परिणाम कसा घडतो आणि तो वेळीच कसा ओळखावा, हे पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी या सर्वांनीच समजून घेणे अगत्याचे आहे.

न कुजणारे विष

पारा, शिसे, कॅडमियम, तांबे, जस्त, निकेल, क्रोमियम इत्यादी धातूंना प्रदूषणाच्या संदर्भात सामान्यतः जड धातू म्हटले जाते. गावच्या सांडपाण्यात आणि या धातूंत एक मूलभूत फरक आहे. सांडपाण्यातील घाण कुजते. सूक्ष्म जंतू तिचे विघटन करतात आणि काही अंतर वाहून गेल्यावर नदी पुष्कळशी सावरते. धातूचे मात्र विघटन होत नाही. तो पाण्यातून गाळात जातो, गाळातून कृमीच्या शरीरात आणि कृमीतून माशाच्या शरीरात जातो. त्याची जागा बदलते, परंतु तो नाहीसा होत नाही.

यांपैकी तांबे आणि जस्त अत्यल्प प्रमाणात जीवनास आवश्यकही असतात. आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्यासाठी जसे लोह असते, तसे खेकड्यांच्या आणि बहुतेक गोगलगायींच्या रक्तात तांबे असते. परंतु आवश्यक मात्रा आणि घातक मात्रा यांतील अंतर या लहान जीवांच्या बाबतीत फारच थोडे असते. शिसे, पारा आणि कॅडमियम यांचा तर त्यांना काहीच उपयोग नसतो.

हे धातू शरीरात शिरतात तरी कसे? गोड्या पाण्यातील प्राण्याच्या शरीरातील द्रव भोवतालच्या पाण्यापेक्षा अधिक खारट असतो. त्यामुळे शरीरातील क्षार सतत बाहेर झिरपत असतात आणि प्राण्याला कल्ल्यांवाटे किंवा त्वचेवाटे ते पुन्हा आत ओढून घ्यावे लागतात. तांबे या कार्यात अडथळा आणते. कॅडमियम हे कॅल्शियमशी साम्य असल्याने कॅल्शियमच्याच वाटेने आत शिरते. शंख, शिंपला किंवा कवच बनविण्यासाठी ज्या जीवांना कॅल्शियमची सतत गरज असते, त्यांना ही फसगत विशेष महागात पडते. शिवाय प्राणी जितका लहान, तितका वजनाच्या मानाने त्याच्या शरीराचा पृष्ठभाग मोठा. म्हणून एकाच पाण्यात मोठ्या माशापेक्षा पाणपिसूच्या शरीरात धातू अधिक वेगाने शिरतो.

पाण्याच्या गुणधर्मावरही पुष्कळ अवलंबून असते. कठीण पाण्यात कॅल्शियम भरपूर असल्याने ते काही अंशी धातूला आत शिरण्यास प्रतिबंध करते. मऊ पाण्यात हे संरक्षण नसते. कोकणातील जांभ्या दगडावरून वाहणारे पाणी बहुधा मऊ असते. तेव्हा देशावरील कठीण पाण्यात जी मात्रा निभावून जाईल, तीच कोकणातील ओढ्यात घातक ठरू शकते.

मृत्यू नव्हे, घटती प्रजा

एखाद्या पदार्थाची विषारीपणाची चाचणी करताना पाणपिसू त्या द्रावणात अठ्ठेचाळीस तास ठेवून किती मेले, हे मोजण्याची पद्धत प्रचलित आहे. ही पद्धत उपयुक्त असली, तरी तिने दीर्घकालीन परिणाम कळत नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डुलुथ येथील प्रयोगशाळेत दोन शास्त्रज्ञांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाणपिसू तीन आठवडे धातुमिश्रित पाण्यात ठेवून त्यांना किती पिले झाली, हे मोजले. सुमारे सोळा टक्के पिले कमी होण्यास तांब्याचे प्रमाण लिटरला २२ मायक्रोग्रॅम, जस्ताचे ७० मायक्रोग्रॅम, तर कॅडमियमचे अवघे ०.१७ मायक्रोग्रॅम पुरेसे ठरले. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लक्षांश भाग, हे ध्यानात घेतले म्हणजे ही मात्रा किती सूक्ष्म आहे याची कल्पना येईल.

सोळा टक्के ही घट वरवर पाहता क्षुल्लक वाटते. मादी जिवंत असते, पोहत असते, अन्नही खात असते. परंतु तळ्यातील माशांच्या तोंडून वाचून पाणपिसूची संख्या जेमतेम टिकून राहत असेल, तर हिशेब वेगळा होतो. दर पिढीस संख्या सोळा टक्क्यांनी घटत गेली, तर दहा पिढ्यांनंतर मूळ संख्येच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी प्राणी उरतील. पाणपिसूची एक पिढी उबदार पाण्यात आठ-दहा दिवसांची असते. म्हणजे एका ऋतूत हा सर्व प्रकार घडून येऊ शकतो. त्यात कोठेही मेलेल्या जीवांचा खच पडत नाही, दुर्गंधी सुटत नाही आणि कोणाची तक्रारही येत नाही.

इतर जीवांतही असेच मंद परिणाम दिसतात. प्रदूषित गाळात वाढणाऱ्या, डासांसारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या माश्यांच्या अळ्यांत तोंडाच्या दातेरी भागाची विकृती आढळते. शिंपल्यांची पिले काही काळ माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात. या अवस्थेतील पिले तांब्याला अतिशय संवेदनशील असतात. प्रौढ शिंपले दीर्घायुषी असल्याने नदीत शिंपले पुष्कळ दिसतात, पण त्यांत लहान वयाचा एकही नसतो, अशी स्थिती उद्भवू शकते. असा शिंपल्यांचा समूह म्हणजे मुले नसलेले गाव होय.

वेल्समधील दोन नद्या

प्रयोगशाळेत जे दिसते ते प्रत्यक्ष नदीत किती काळ टिकते, याचे उत्तर वेल्स प्रांतातील दोन नद्यांच्या इतिहासात सापडते. ऱ्हायडॉल आणि अस्टविथ या शेजारशेजारच्या नद्या अ‍ॅबरिस्टविथ या गावी समुद्रास मिळतात. त्यांच्या खोऱ्यांत शिसे व जस्ताच्या जुन्या खाणी होत्या. कॅथलीन कारपेंटर या विदुषीने १९२० नंतरच्या दशकात या भागातील नद्यांच्या जीवसृष्टीचा पद्धतशीर अभ्यास केला. पाणी दिसावयास स्वच्छ, परंतु मासे नाहीत, गोगलगायी नाहीत, जळवा नाहीत. काही जातींचे किडे तेवढे तग धरून राहिलेले, असे दृश्य तेथे होते.

खाणकाम थांबल्यावर ऱ्हायडॉल नदी सुधारू लागली. पूर्वी जेथे मोजक्याच जाती आढळत, तेथे १९३१-३२ च्या पाहणीत शंभरावर जाती मिळाल्या. अस्टविथची कहाणी मात्र निराळी झाली. खाणी बंद पडून तीन दशके लोटल्यावर, १९५० नंतरच्या दशकातील पाहणीतही तिच्या पाण्यात जस्ताचे प्रमाण घातकच होते आणि गोगलगायी व कवचधारी जीव परतलेले नव्हते. याचे कारण खाणीलगतच्या टाकाऊ खडीच्या ढिगांत होते. दर पावसात त्या ढिगांतून धातू विरघळून नदीत उतरत राहिला. उद्योग बंद झाला म्हणजे त्याचे प्रदूषणही बंद झाले, असे धातूंच्या बाबतीत मानता येत नाही, हा या इतिहासाचा बोध होय.

चिखलातील कृमींची साक्ष

दुसरे उदाहरण अमेरिकेतील आहे. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या काठी कोल्ड स्प्रिंग नावाचे गाव आहे. तेथे १९५२ साली निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा कारखाना सुरू झाला आणि १९७९ पर्यंत चालला. त्याच्या सांडपाण्यातील सुमारे पन्नास टन निकेल-कॅडमियमयुक्त कचरा फाउंड्री कोव्ह या नदीलगतच्या दलदलीच्या खाडीत जाऊन पडला. काही जागी गाळात कॅडमियमचे प्रमाण शेकडा एक भाग किंवा त्याहूनही अधिक झाले होते.

या गाळात एक साधा बारीक कृमी राहत असे. लिम्नोड्रिलस हॉफमायस्टेरी हे त्याचे शास्त्रीय नाव. ही जात जगभर आढळते. आपल्या देशातील नद्यांच्या चिखलातही ती आहे. क्लर्क्स आणि लेव्हिंटन या शास्त्रज्ञांनी शेजारच्या स्वच्छ खाडीतील कृमी फाउंड्री कोव्हच्या गाळात सोडले, तेव्हा ते मेले. मूळ तेथलेच कृमी मात्र त्याच गाळात जगत व प्रजाही वाढवीत होते. त्यांची पिले स्वच्छ गाळात वाढविली, तरी ही सहनशक्ती पुढच्या पिढ्यांत उतरली. म्हणजे ती केवळ सवयीने आलेली नसून आनुवंशिक होती. विषाने दुर्बळांना निवडून मारले आणि सहनशील तेवढेच उरले. अशा थोड्या काळात एखाद्या प्राण्याच्या वंशात बदल घडावा, ही गोष्ट १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाने जगापुढे आली.

यावरून कोणी असे म्हणेल की, निसर्ग स्वतःच मार्ग काढतो, मग चिंता कशाला? येथेच सावध राहिले पाहिजे. हे कृमी कॅडमियम नष्ट करीत नाहीत. ते त्याला विशिष्ट प्रथिनांशी बांधून आणि कणांच्या रूपाने शरीरातच साठवून ठेवतात. असा कृमी झिंग्याने खाल्ला म्हणजे त्यातील काही कॅडमियम झिंग्याच्या शरीरात जाते. कॅडमियमयुक्त अन्नावर वाढविलेल्या झिंग्यांची भक्ष्य पकडण्याची क्षमता घटल्याचेही प्रयोगांत दिसून आले आहे. अशा रीतीने सहनशील कृमी स्वतः वाचतो, पण विष पुढे पोहोचविणारा वाहक बनतो. शिवाय प्रत्येक जातीला असा बदल साधतोच असे नाही. दीर्घायुषी आणि सावकाश प्रजा वाढविणाऱ्या शिंपल्यांना तर त्यासाठी पुरेशा पिढ्याच मिळत नाहीत.

या कथेचा शेवट आशादायक आहे. १९९३ ते १९९५ या काळात फाउंड्री कोव्हमधील दूषित गाळ उपसून काढण्यात आला. त्यानंतर नऊ ते अठरा पिढ्यांतच तेथील कृमींची सहनशक्ती पुष्कळशी लोप पावली आणि ते शेजारच्या खाडीतील कृमींसारखे झाले, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. धातूचा भार उतरला म्हणजे जीवसृष्टी पूर्ववत होऊ शकते. मात्र त्यासाठी तळाचा गाळच उपसावा लागला. विष नदीत जाऊ न देण्याचा खर्च त्यामानाने निश्चितच कमी आला असता.

पिण्यायोग्य म्हणजे निर्दोष नव्हे

पाण्याचा नमुना तपासून आणला आणि तो पिण्यायोग्य ठरला की आपण निश्चिंत होतो. माणसाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु पेयजलाची भारतीय मानके माणसाच्या आरोग्यासाठी ठरविलेली आहेत. त्यांनुसार जस्ताची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम आहे. पाणपिसूची प्रजा घटण्यास ०.०७ मिलिग्रॅम पुरतात, हे वर सांगितलेच आहे. म्हणजे माणसाने निर्धास्त प्यावे अशा पाण्यातही या जीवाला सोसणाऱ्या मात्रेच्या कितीतरी पट जस्त असू शकते.

कारखान्यांच्या सांडपाण्याचेही असेच आहे. १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) नियमांतील सर्वसाधारण मानकांप्रमाणे नदीनाल्यांत सोडावयाच्या सांडपाण्यात तांबे लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत असू शकते. नदी भरून वाहत असेल, तर ते मोठ्या प्रवाहात मिसळून विरळ होते. परंतु महाराष्ट्रातील बहुतेक नद्या पावसाळी आहेत. चैत्र-वैशाखात कित्येक नाल्यांत सांडपाण्याखेरीज दुसरे पाणीच नसते. तेव्हा नियमाचे काटेकोर पालन झाले, तरीही उन्हाळ्यात तळाच्या जीवांना पुरेसे संरक्षण मिळेलच, असे म्हणता येत नाही. महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९६९ सालीच केला आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केले. या परंपरेला अनुसरून पाण्याबरोबर गाळाची आणि त्यातील जीवांचीही तपासणी अधिक ठिकाणी होणे इष्ट आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने तळातील जीवांवरून पाण्याची प्रत ठरविण्याची पद्धत आखून दिलेली आहेच.

गावातील उगम

धातू केवळ कारखान्यांतूनच येतात असे नाही. द्राक्ष आणि सुपारी यांच्या बागांत बुरशीनाशक म्हणून बोर्डो मिश्रण फवारतात. एक टक्का मिश्रणात शंभर लिटर पाण्यास एक किलो मोरचूद असते आणि मोरचुदाचा सुमारे चौथा हिस्सा तांबे असते. म्हणजे उरलेल्या एक लिटर मिश्रणात अडीच ग्रॅम तांबे झाले. लिटरला २२ मायक्रोग्रॅम या हिशेबाने एवढे तांबे एक लाख लिटरहून अधिक पाण्यास पुरेल. यांतील बराच भाग विरघळत नाही, तो गाळात बसतो हे खरे. पण गाळात बसलेला धातू हीच तर आपली खरी चिंता आहे. फवारणीचा पंप ओढ्यात धुण्याची सवय किती घातक आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

जुन्या बॅटऱ्या व विजेची टाकाऊ उपकरणे नाल्याकाठी फोडणे अथवा जाळणे, धातूंना मुलामा देणाऱ्या लहान कारखान्यांचे पाणी प्रक्रियेविना सोडणे, मूर्तींना विषारी द्रव्ये असलेले रंग देणे, हे आणखी काही उगम होत. टाकाऊ बॅटऱ्यांविषयी २०२२ चे नियम आहेत. मूर्तिविसर्जनाबाबत केंद्रीय मंडळाच्या २०१० च्या व २०२० मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचना आहेत. गरज आहे ती त्या गावपातळीवर उतरविण्याची.

पंचायत आणि शाळा यांनी काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे फवारणीचे पंप ओढे, तळी व विहिरी यांपासून दूर धुतले जातील आणि मिश्रण लागेल तेवढेच तयार केले जाईल, असा ठराव ग्रामसभेत करावा. दुसरी, जुन्या बॅटऱ्या एका ठिकाणी गोळा करून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच पाठवाव्यात. तिसरी, विसर्जनासाठी कृत्रिम हौदाची सोय करून नैसर्गिक रंगांच्या मूर्तींचा आग्रह धरावा.

चौथी गोष्ट शाळांनी करण्यासारखी आहे. वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि माघ महिन्याच्या सुमारास, विद्यार्थ्यांना शिक्षकांच्या देखरेखीखाली गुडघ्याहून कमी पाण्यात न्यावे. गावाच्या वरच्या बाजूस व खालच्या बाजूस अशा दोन ठरावीक जागी प्रत्येकी वीस दगड उलटून पाहावेत, जीवांचे किती प्रकार आढळले ते वहीत नोंदवावे आणि दगड व जीव पूर्ववत ठेवावेत. जातींची शास्त्रीय नावे येत नसली तरी अडत नाही. गोगलगाय, शिंपला, झिंगा, खेकडा, चतुराची अळी, लाल कृमी एवढे ओळखता आले तरी पुरे. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने ही माहिती लोक जैवविविधता नोंदवहीस जोडावी.

नोंदींचा अर्थ लावताना घाई करू नये. जीव कमी होण्यास सांडपाणी, कीटकनाशके, वाळूउपसा वा दुष्काळ हेही कारण असू शकते. साधारणतः सांडपाण्याने पाणी गढूळ व दुर्गंधीयुक्त होते आणि लाल कृमी व लाल अळ्या भरमसाट वाढतात. पाणी नितळ आहे, वास नाही, परंतु गोगलगायी, शिंपले व झिंगे नाहीसे झाले आहेत, अशी स्थिती दिसल्यास धातूंचा संशय घेण्यास जागा आहे. अशा वेळी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयास लेखी कळवून पाण्याबरोबर गाळाचीही तपासणी करण्याची विनंती करावी.

बाटलीत भरलेला नमुना त्या दिवशीच्या, त्या घटकेच्या पाण्याची माहिती देतो. रात्री सोडलेले सांडपाणी सकाळच्या नमुन्यात दिसेलच असे नाही. तळाचे जीव मात्र बारा महिने, आठ प्रहर त्याच पाण्यात असतात. वर्षभरात जे जे वाहून गेले, त्याची नोंद त्यांच्या असण्यात किंवा नसण्यात झालेली असते. ही नोंद वाचण्यास यंत्र लागत नाही. दोन-तीन वर्षे सातत्याने पाहणारे डोळे आणि एक वही लागते. ती वही गावोगावच्या शाळांतून सुरू झाली, तर नदीचा तळ ओसाड होण्यापूर्वीच गावाला त्याची सूचना मिळेल.